अंगणात हिरवळ नको, पुनर्नवा हवी

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या व्यवसायबंधूंच्या चिकित्सालयांचे बाह्यरूप पुष्कळ पालटले आहे. कौलारू पडवी जाऊन काचेचा दरवाजा आला, आणि पुढच्या मोकळ्या जागेत एक तर सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसले किंवा विकतच्या गवताची गादी अंथरली गेली. रुग्णाला स्वच्छ व प्रसन्न वाटावे हा यामागील हेतू रास्तच आहे. परंतु ज्या व्यवसायाचा सारा आधार वनस्पती आहे, त्या व्यवसायाच्या दारात एकही औषधी वनस्पती जमिनीत रुजलेली नसावी, ही गोष्ट आम्हांला बरेच दिवस खटकत आली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही एक साधी सूचना करणार आहोत. चिकित्सालयापुढे किंवा औषधनिर्माणशाळेच्या फाटकाशी जी उन्हाची, कोरडी, दुर्लक्षित जागा असते, तेथे जमिनीवर पसरणाऱ्या, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या व पाण्याची अपेक्षा न ठेवणाऱ्या आपल्याच वनस्पती लावाव्यात. ही सूचना शोभेसाठी नाही. आमचा मुद्दा द्रव्यपरिचयाचा आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब पाहू. समजा अंगण ३०० चौरस फुटांचे, म्हणजे सुमारे २८ चौरस मीटरचे आहे. उन्हाळ्यात गवताच्या गादीला रोज ५ मिलिमीटर पाणी धरले, तर एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर या न्यायाने दररोज १४० लिटर पाणी लागते. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांचे हे पाणी १६,८०० लिटर भरते, म्हणजे दहा हजार लिटरच्या दीड टँकरहून अधिक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ज्या जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्याची ही स्थिती होऊ शकते, तेथे वैद्याने दारातील गवतावर पाइप धरून उभे राहणे शोभत नाही. जाता जाता इतकेच म्हणतो की, गवतच हवे असेल तर आपली हरळी काय वाईट आहे? दूर्वा उन्हाळ्यात तांबूस पडते, परंतु मरत नाही. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा हिरवी होते. रक्तपित्तात जिचा स्वरस आपण सांगतो, ती दूर्वा सोडून परदेशी गवताचे तुकडे विकत घेण्यात कोणते शहाणपण आहे, ते आम्हांला उमगलेले नाही.

औषधी उद्यानाचा उत्साह आपल्याकडे नाही असे नव्हे. अनेक ठिकाणी तो दिसतो, परंतु वनस्पतींची निवड पाहिली की त्याचे पुढे काय होणार हे आधीच कळते. फलक लावले जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोपे लावली जातात, आणि ती रोपे असतात ब्राह्मीची, मंडूकपर्णीची, वेखंडाची. या सर्व आनूप देशातील, पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती. त्यांना भर उन्हातल्या मुरमाड अंगणात लावायचे आणि चैत्रात त्या वाळल्या की माळ्याला दोष द्यायचा, हा प्रकार देशविचार शिकलेल्या वैद्याकडून तरी होऊ नये. जांगल, आनूप व साधारण हे भेद आपण परीक्षेपुरते पाठ केलेले नाहीत. अंगण जांगल असेल तर वनस्पतीही जांगल देशातीलच हवी. हात धुण्याच्या बेसिनचे पाणी जेथे बाहेर पडते, तेथे हातभर जागेत मंडूकपर्णी किंवा जलपिप्पली अवश्य लावावी. बाकीच्या जागेत त्यांचा आग्रह धरू नये.

कोरड्या अंगणासाठी आमची पहिली पसंती पुनर्नवेला आहे, आणि तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते.

घेटुळी या नावाने ही वनस्पती रस्त्याकडेला, पडीक रानात, जुन्या भिंतींच्या पायथ्याशी सर्वत्र आढळते. चरकसंहितेतील कासहर, स्वेदोपग, वयःस्थापन अशा अनेक महाकषायांत तिचा समावेश आहे. पुनर्नवामंडूर, पुनर्नवाष्टक क्वाथ, पुनर्नवासव यांवाचून आपल्यापैकी कोणाचा महिना जात असेल असे वाटत नाही. असे असूनही बाजारातून ‘पुनर्नवा’ म्हणून येणाऱ्या पोत्यात दोन निरनिराळ्या कुळांतील वनस्पती येऊ शकतात, ही वस्तुस्थिती आहे. एक बोएर्‍हाविया डिफ्यूजा, म्हणजे आपली रक्त पुनर्नवा. दुसरी ट्रायन्थेमा पोर्टुलाकास्ट्रम, जी पांढरी पुनर्नवा या नावाखाली विकली जाते. दोन्ही जमिनीवर पसरतात, दोन्हींची पाने समोरासमोर येतात, आणि प्रत्येक जोडीत एक पान मोठे व एक लहान असते. केवळ ‘पानांची असमान जोडी’ एवढ्या खुणेवर विसंबणारा येथेच फसतो, कारण ती खूण दोहोंतही आहे.

भेद कोठे आहे? पुनर्नवेची फुले बारीक, गुलाबी-जांभळट असून नाजूक फांद्यांच्या टोकाशी लहान झुबक्यांत, पानांपासून दूर उभी राहतात. ट्रायन्थेमाचे फूल एकएकटे, देठ नसलेले, पानाच्या बगलेत जणू खिशात लपल्यासारखे बसते. पुनर्नवेचे फळ गदेच्या आकाराचे, उभ्या कंगोऱ्यांचे व चिकट; धोतराला किंवा सलवारीला लागले की निघता निघत नाही. ट्रायन्थेमाचे फळ म्हणजे झाकण असलेली लहान डबी, आत काळे बी. तिची पाने अधिक मांसल, घोळीच्या भाजीची आठवण करून देणारी. या खुणा वाचून लक्षात राहत नाहीत. दोन्ही वनस्पती शेजारी शेजारी पाहिल्या की एका क्षणात कळतात आणि पुन्हा विसरत नाहीत. तुकडे करून वाळवलेल्या पंचांगात मात्र यांपैकी बहुतेक खुणा नष्ट झालेल्या असतात.

सर्वांत मोठी खूण मात्र एका दिवसात दिसत नाही, तिला वर्ष लागते. ट्रायन्थेमा वर्षायू आहे. हंगाम संपला की ती मुळासकट मरते व पुढच्या पावसात बियांतून नवी उगवते. पुनर्नवेचे जमिनीवरील अंग वैशाखात वाळून काटकीसारखे होते, पण खाली जाड मूळ जिवंत असते आणि पहिल्या पावसानंतर त्याच मुळातून नवे कोंब फुटतात. ‘पुनः नवा’ या नावाचा अर्थ आपण वर्गात ऐकला, उत्तरपत्रिकेत लिहिला. परंतु तीच वाळलेली जागा, तेच मूळ आणि त्यातून निघणारे तांबूस कोंब सलग वर्षभर पाहिलेले वैद्य किती निघतील? अंगणातील चार हात जागा हे दाखवते, आणि तेही फुकट.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे की, शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक वनस्पतींना नावाने व रूपाने ओळखतात; मात्र तेवढ्याने त्यांचा उपयोग कळत नाही. आज आपली अवस्था नेमकी उलट झाली आहे. उपयोग आपणांस मुखोद्गत आहेत, रस-वीर्य-विपाक झोपेत विचारले तरी सांगू. नाव-रूप मात्र गुराख्याकडेच राहिले. रुग्ण शेतातून एखादी वनस्पती उपटून आणतो आणि विचारतो, “डॉक्टरसाहेब, हीच का ती सुजेवरची पुनर्नवा?” त्या वेळी उत्तर द्यायला जो कचरतो, त्याच्यावर त्या रुग्णाने काय विश्वास ठेवावा? हा प्रश्न मानापमानाचा नाही. आजकाल माणसे मोबाइलवर चित्र पाहून वनस्पतीचा काढा करून घेतात. त्यांना थांबवणारा किंवा योग्य वाटेवर आणणारा शेवटचा जाणकार वैद्यच आहे.

दुसरी वनस्पती कंटकारी, आपली भुईरिंगणी. लघुपंचमुळातील हे द्रव्य पुनर्नवेबरोबर कासहर गणातही आले आहे. व्याघ्रीहरीतकी अवलेह आपण नित्य वापरतो. हिची गंमत अशी की, इतर सारे अंगण जेव्हा करपलेले असते, तेव्हा माघापासून वैशाखापर्यंत ही ऐन बहरात असते. जांभळी फुले, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची कच्ची फळे व पिकलेली पिवळी फळे एकाच वेळी एका वेलीवर दिसतात. हिला उन्हाळ्यात पाणी द्यावे लागत नाही; उलट पाणी साचल्यास ही कुजते. काटे मात्र पानांच्या दोन्ही बाजूंना, देठांवर, खोडावर, सर्वत्र असतात. म्हणून वाटेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात एखाददुसरेच रोप ठेवावे. गोक्षुर म्हणजे सराटा लावण्याचा मोह काहींना होतो. त्यांनी आधी दारात उभ्या राहणाऱ्या सायकली आणि अनवाणी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा विचार करावा. शिवाय तो टिकाऊ नव्हे, हंगामी आहे.

शंखपुष्पीविषयी लिहिताना हात थोडा आखडतो, कारण हा वाद जुना आहे. कॉन्व्हॉल्व्ह्युलसची पांढरी-फिकट गुलाबी फुलांची जाती, इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिसची निळी विष्णुक्रांता, केरळात गोकर्ण, बंगालकडे आणखी एक, अशी प्रांतोप्रांतीची मते आहेत. त्या वादात येथे पडत नाही. अंगणाच्या दृष्टीने पहिल्या दोन्ही जाती उत्तम. दोन्ही बहुवर्षायू, जमिनीलगतच्या, लवदार, मुरमाड जागेत समाधानाने राहणाऱ्या. आपल्या टेकड्यांवर पावसाळ्यानंतर विष्णुक्रांतेची बारीक निळी फुले पुष्कळ दिसतात. दोन्ही शेजारी लावाव्यात व दोन्हींवर नावाची पाटी लावावी, म्हणजे निदान आपण काय लिहून देतो आणि दुकानातून काय येते याचा विचार सुरू होईल.

येथे रोपवाटिकेविषयी एक सावधगिरीची सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. विष्णुक्रांता मागितली असता रोपवाटिकेतून मोठ्या, भडक निळ्या फुलांचे जे रोप मिळते, ते बहुधा दक्षिण अमेरिकेतून आलेल्या शोभेच्या इव्हॉल्व्ह्युलसचे असते. ते उन्हात छान फुलते, दिसतेही सुंदर. परंतु ते शास्त्रोक्त द्रव्य नव्हे. याहून गंभीर प्रकार पीत भृंगराजाचा. ‘वेडेलिया’ या नावाने सर्वत्र मिळणारी, पिवळ्या फुलांची, भराभर पसरणारी वनस्पती स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा ही आहे. मूळची मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांकडील ही वनस्पती जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आक्रमक जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. आपला पीत भृंगराज तिचा चुलत भाऊ, पण निराळा. ट्रायलोबाटाच्या पानाला बहुधा तीन खंड पडलेले असतात, ही साधी खूण. काही ठिकाणी हीच वनस्पती पीत भृंगराजाच्या पाटीखाली उभी असलेली आम्ही पाहिली आहे. विद्यार्थ्याने ती पाटी वाचून तेच रूप मनात ठसवले, तर पुढे तो केशतैलात काय घालील याची कल्पना केलेली बरी. म्हणून आमचा आग्रह आहे की, रोपवाटिकेतून शक्यतो काही आणू नये. आसपासच्या माळावर, वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या व्यक्तीकडून जागेवरच निश्चिती करून घेऊन, तेथील बी गोळा करावे.

लागवडीत अवघड असे काही नाही, परंतु पहिल्या वर्षी लक्ष द्यावे लागते. ‘लावा आणि विसरा’ असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. फरशी काढल्यावर खाली बांधकामाचा राडारोडा, चुना, सिमेंटचे गोळे निघतात. ते वीत-दीड वीत खोलीपर्यंत वेचून काढावेत. काळी चिकण माती असेल तर तीत मुरूम व जाड वाळू मिसळावी, कारण या वनस्पतींचा शत्रू दुष्काळ नसून साचलेले पाणी आहे. कुजलेले शेणखत थोडेच द्यावे. खत अधिक झाले तर पाला माजतो आणि मूळ पोसत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे. मृगाचा पाऊस नीट लागल्यावर बी टाकावे किंवा जुन्या मुळाचे कोंब असलेले तुकडे हातभर अंतरावर लावावेत. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला निंदणी हवी. विशेषतः गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेलेले हे तण आज कोणत्याही मोकळ्या जागेत आपल्याआधी हजर असते. नागरमोथा औषधी असला तरी तो या जागेत शिरू देऊ नये. त्याची गाठ एकदा रुजली की अंगण त्याचेच होते. दूर्वा लावायची असल्यास ती चालण्याच्या वाटेवर ठेवावी आणि मध्ये शहाबादी फरशीची उभी पट्टी गाडावी, अन्यथा ती दोन वर्षांत शंखपुष्पीला गिळून टाकते. कडेला कोरफडीची रांग शोभते व टिकते. पहिल्या उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा पाणी पुरे. दुसऱ्या उन्हाळ्यापासून तेही नको.

यावर आक्षेप येतात, ते आम्ही ऐकले आहेत. वैशाखात अंगण उजाड दिसते, रुग्ण काय म्हणतील? म्हणू द्यावे. त्या वेळी भुईरिंगणी आणि कोरफड हिरवी असतेच, आणि वाळलेल्या पुनर्नवेशेजारी ‘ही मेलेली नाही’ अशी पाटी लावल्यास रुग्ण स्वतः चौकशी करतात. पावसाळ्यात साप-विंचवाची भीती सांगितली जाते. वीतभर उंचीच्या विरळ पाल्यापेक्षा विटांचे ढीग आणि भंगार हेच त्यांचे खरे आश्रयस्थान असते. तरीही भिंतीलगतची फूटभर पट्टी मोकळी ठेवणे इष्ट. ‘एवढ्याशा जागेतून औषध किती मिळणार’ हा तिसरा आक्षेप. त्याचे उत्तर स्पष्ट आहे: काहीच मिळवू नये. रस्त्याच्या धुळीत व वाहनांच्या धुरात वाढलेली वनस्पती चिकित्सेसाठी घेऊ नये. प्रशस्त भूमीविषयी सुश्रुताने व चरकाने जे सांगितले आहे, ते आजच्या रस्त्याकडेच्या अंगणाला अधिकच लागू पडते. ही जागा डोळ्यांसाठी आहे, खलासाठी नाही.

औषधनिर्माणशाळांच्या मालकांना मात्र याचा रोकडा उपयोग आहे. २००० साली शेड्यूल टी लागू झाल्यापासून कच्च्या मालाची ओळख व तपासणी यांच्या नोंदी ठेवणे आवश्यक झाले. मोठ्या कंपन्यांकडे प्रयोगशाळा आहेत. लहान निर्माणशाळा बाहेरून तपासणी करून घेतात, आणि तोवर माल गोदामात पडून असतो किंवा, खरे बोलायचे तर, कढईत गेलेला असतो. अशा ठिकाणी निश्चित ओळख पटलेल्या वनस्पतीचा एक वाफा फाटकाशी असेल, तर आश्विनात तिचे मूळ, खोड, पान, फूल, फळ वेगवेगळे वाळवून, तारीख घालून काचेच्या बरण्यांत ठेवता येते. नवे पोते उघडले की गोदामातील माणसाने आधी या बरणीशी ताडून पाहावे. यामुळे प्रयोगशाळेतील तपासणी टळत नाही आणि टाळूही नये. परंतु उघड चुकीचा माल दारातूनच परत जातो. पुरवठादाराच्या बिलावर केवळ ‘पुनर्नवा’ असे न लिहिता पूर्ण शास्त्रीय नाव व उपयुक्त अंग लिहून घेण्याचा आग्रहही तेव्हाच धरता येतो, जेव्हा घेणाऱ्याला फरक दाखवता येतो. जो फरक दाखवू शकत नाही, त्याच्या आग्रहाला व्यापारी हसतो.

आपल्या संघटनेने शिबिरे, व्याख्याने पुष्कळ भरवली. त्यांत द्रव्यपरिचयाची वनयात्राही वर्षातून एकदा असते. ती असावीच. परंतु वर्षातून एका रविवारी पाहिलेली वनस्पती आणि रोज सकाळी चिकित्सालय उघडताना पायाशी दिसणारी वनस्पती यांत अंतर आहे. प्रत्येक तालुका शाखेतील चार-पाच सदस्यांनी जरी येत्या मृगात ही लागवड केली, तरी पुढील वर्षी बियांची देवाणघेवाण सुरू होऊ शकेल. पुनर्नवेची फळे दिवाळीच्या सुमारास तयार होतात. ती कागदी पाकिटात ठेवावीत, प्लास्टिकच्या पिशवीत नव्हे, आणि पाकिटावर वनस्पतीचे नाव, बी गोळा केल्याचे ठिकाण, दिनांक आणि ओळख कोणी निश्चित केली हे लिहावे. भुईरिंगणीचे बी पिवळ्या फळातून काढून, धुऊन, सावलीत पूर्ण वाळवूनच द्यावे. ओलसर दिल्यास बैठकीहून घरी पोचेपर्यंत त्याला बुरशी धरते.